सोडलेल्या खारीची ताटली : किती भरायची, कधी उचलायची

वादळात घरटं पडलं, कवेलूचं छप्पर उकलताना पिल्लं सापडली, मांजरीच्या तोंडून एखादं सुटलं, अशा कारणांनी खारीची पिल्लं माणसाच्या हातात येतात. ड्रॉपरने दूध पाजून ती जगवण्याबद्दल बरंच सांगितलं जातं. झाडावर सोडल्यानंतर त्यांनी काय खायचं, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. खरी पडझड होते ती तिथेच. आईजवळ वाढलेलं पिल्लू तिच्या मागे हिंडून उंबर कधी पिकतो, कोणती साल सोलायची, पाणी कुठे मिळतं हे शिकतं. हातावर वाढलेल्या पिल्लाला एवढंच कळलेलं असतं की ताटली आली की खायचं. ते स्वतः शोधायला शिकेपर्यंत सहा ते आठ आठवडे ताटली झाडावर राहते आणि हळूहळू रिकामी होत जाते. सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी ताटली बंद केली तर पिल्लू उपाशी मरतं. वर्षभर शेंगदाणे घालत राहिलात तर ते माणसाच्या पायात घोटाळत राहतं आणि मांजराच्या तावडीत सापडतं.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. खार वन्यजीव आहे आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन्यजीव घरात पाळता येत नाही. पिल्लू हाती आलं की वनविभागाला कळवा. १९२६ हा महाराष्ट्र वनविभागाचा निःशुल्क क्रमांक आहे, आणि नागपुरात सेमिनरी हिल्सला वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे जखमी-अनाथ वन्यजीवांचं उपचार केंद्र आहे. तुमच्या बीटच्या, म्हणजे तुमच्या भागाच्या वनरक्षकाला माहीत असलं की पुढे सोडताना कुणी बोट दाखवत नाही. या लेखात फक्त अंगावर पांढरट पट्टे असलेल्या, घराजवळ दिसणाऱ्या छोट्या खारीबद्दल सांगितलं आहे. मेळघाट किंवा गडचिरोलीकडे शेकरूचं पिल्लू मिळालं तर त्यावर यातलं काहीही करून पाहू नका. तो राज्यप्राणी आहे, त्याचा आहार वेगळा, त्याला लागणारं जंगल वेगळं. फोन करा आणि सोपवा.

सोडायला तयार आहे का?

पूर्ण वाढलेली पट्ट्यांची खार साधारण १०० ग्रॅमची असते. स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या डिजिटल काट्यावर पिल्लू झाकणाच्या डब्यात ठेवून तोला. ७५-८० ग्रॅमच्या आत असेल तर थांबा. वय साधारण दहा ते बारा आठवडे झालेलं असावं आणि दूध बंद होऊन निदान दोन आठवडे उलटलेले असावेत. शेपटी भरलेली, झुपकेदार. पुढचे दात पिवळसर-नारिंगी. अख्खी शेंग स्वतः फोडता यायला हवी, बोर खाऊन झाल्यावर आठोळी कुरतडायला हवी.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा भीतीची. अनोळखी माणूस पिंजऱ्याजवळ आला की पिल्लाने चिकचिक करत खोक्यात पळायला हवं. जे पिल्लू कुणाच्याही खांद्यावर चढतं, ते कितीही गुबगुबीत असलं तरी तयार नाही. त्याला हात लावणं, नावाने हाका मारणं, पोरांना दाखवणं आजपासून बंद. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक पिल्लं बुजरी होतात. होत नसेल तर एकटं वाढलेलं पिल्लू दुसऱ्या पिल्लांसोबत ठेवता येईल का, हे केंद्राला विचारा. दोन-तीन भावंडं असतील तर त्यांना एकत्रच सोडा.

मागचे पाय लुळे पडत असतील, चालताना थरथर असेल, उडी चुकत असेल तर सोडणं रद्द. हे बहुतेक वेळा कॅल्शियम कमी पडल्याचं लक्षण असतं, आणि त्याचं कारण ताटलीतच सापडतं. नुसते शेंगदाणे, सूर्यफूल आणि मका यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम अगदी थोडं. खारीला हेच पदार्थ सगळ्यात आवडतात, म्हणून माणूस तेच घालत जातो. मग शरीर कॅल्शियम हाडांतून ओढून घेतं आणि हाडं ठिसूळ होतात. असं पिल्लू पशुवैद्याला दाखवा, औषधाचा डोस घरी ठरवू नका.

कधी आणि कुठे

विदर्भात दोन मोसम सोयीचे. पहिला दसऱ्यापासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत. पाऊस सरलेला असतो, गवताचं बी पिकलेलं, किडे भरपूर, सीताफळं येत असतात आणि थंडी अजून कडक नसते. दुसरा महाशिवरात्रीपासून होळीपर्यंत. पळस आणि काटेसावर फुललेले असतात, मोह टपकायला लागलेला असतो, चिंचा लागलेल्या असतात. पळसाच्या आणि सावरीच्या फुलातला रस खारी आवडीने पितात आणि तो त्यांना कुणी शिकवावा लागत नाही. एप्रिलच्या मध्यानंतर पारा ४५ अंशांकडे धावतो, तेव्हा नवखं पिल्लू सोडू नका. जुलै-ऑगस्टच्या झडीतही नको, कारण भिजलेलं पिल्लू गारठतं आणि ताटलीतला खाऊ बुरसटतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री १० अंशांच्या खाली जातात, तेव्हा सोडायचंच असेल तर खोकं नीट भरलेलं हवं.

जागा निवडताना आधी फवारणीचा विचार करा. कपाशीच्या धुऱ्यावरचं झाड कितीही डेरेदार असलं तरी नको. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कपाशीवर फवारे सुरू असतात. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, तिथे शंभर ग्रॅमच्या जिवाची काय कथा. जुनी आमराई, देवळामागची चिंच, शाळेच्या आवारातले कडुनिंब, नाल्याकाठचे उंबर अशी जागा बघा. झाडाचे शेंडे एकमेकांना लागलेले असावेत, म्हणजे खारीला जमिनीवर उतरावं लागत नाही. वाहता रस्ता जवळ नको. आधीपासून खारी असलेली जागा चांगली, कारण तिथे खायला आहे हे सिद्धच झालेलं असतं. पण एकाच झाडावर सात-आठ दिसत असतील तर शेजारचं झाड घ्या, नाहीतर जुन्या खारी नव्याला हाकलून लावतात. पिल्लू जिथे सापडलं त्याच गावाजवळ सोडलं तर उत्तम.

शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. वावरवाल्याची तक्रार खरी असते: खारी पेरलेलं बी उकरतात, भुईमूग खातात, आणि उन्हाळ्यात संत्र्याच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या पाण्यासाठी कुरतडतात. शेवटच्या तक्रारीवर सोपा उपाय आहे, पाण्याचं परळ म्हणजे मातीचं पसरट भांडं. ते भरलेलं राहिलं की नळ्यांना बराच आराम मिळतो, हे बागायतदाराला पटवा. गलोल घेऊन फिरणाऱ्या पोरांना बोलावून एकेकाला परळ भरायची पाळी द्या, तीच पोरं राखण करतात.

पिंजरा आणि खोकं

पिल्लू थेट झाडावर ठेवून निघून येऊ नका. निवडलेल्या झाडावर, जमिनीपासून सात-आठ फूट उंच, सावलीत पिंजरा बांधा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन ते चार फूट उंच एवढा पुरतो. जाळी अर्धा इंची वेल्डमेशचीच, म्हणजे तारा जोडलेल्या कडक चौकोनी जाळीचीच हवी. कोंबडीजाळीतून साप आत शिरतो आणि मांजर पंजा घालून पिल्लू ओढतं. वरच्या भागावर टिनाऐवजी लाकडी फळी आणि त्यावर प्लास्टिकचा कागद टाका, टिन उन्हात तव्यासारखं तापतं. याच कारणाने तेलाचा रिकामा पिपा खोकं म्हणून वापरू नका.

झोपायचं खोकं लाकडी फळ्यांचं, आतून साधारण सहा इंच लांब, सहा इंच रुंद आणि दहा इंच उंच. भोक दोन इंचांचं, वरच्या बाजूला, तोंड पूर्वेकडे. पश्चिमेकडून येणारा पाऊस मग आत शिरत नाही. बुडाला पेन्सिल जाईल एवढी चार भोकं पाडा. आत नारळाचा काथ्या, वाळलेली पानं, अंबाडी किंवा तागाचे दोन इंची तुकडे घाला. अख्खे लांब धागे नकोत. पायात गुंडाळले की रक्त थांबतं आणि पाय वाळतो. नायलॉनचा दोरा आणि संक्रांतीनंतर झाडाझाडांवर लटकलेला मांजा याहून वाईट, झाडाच्या आसपासचा काढून टाका. घरचा पिंजलेला कापूस थोडा चालतो.

या पिंजऱ्यात पिल्लू सात ते दहा दिवस राहतं. पानांचा वास, शेजारच्या खारींचे आवाज, रात्रीची थंडी हे सगळं त्याला इथे कळतं. पुढे सोडायचं म्हणजे सगळं दार उघडायचं असं नाही. जाळीत दोन इंचांचं गोल भोक कापा, कडा कानशीने घासा आणि त्यावर चिरलेला रबरी नळीचा तुकडा चढवा. सोडायच्या दिवसापर्यंत ते पत्र्याने झाकलेलं ठेवा. खार ये-जा करते, मांजर आत येऊ शकत नाही, आणि पिंजरा त्या खारीचं जेवणघर बनतो.

मांजर चढू नये म्हणून खोडाला पत्र्याची दोन फुटी पट्टी गुंडाळायची पद्धत आहे. ती चांगली आहे, पण शेजारच्या झाडांच्या फांद्या या झाडाला लागत असतील तरच. एकट्या उभ्या झाडावर पट्टी लावली तर खाली उतरलेल्या खारीलाच वर जाता येत नाही.

ताटलीत काय

एका खारीचं दिवसाचं पूर्ण माप असं धरा: एक सपाट मोठा चमचा कोरडा खाऊ, म्हणजे साधारण दहा ग्रॅम, तेवढाच चिरलेला भाजीपाला, अंगठ्याच्या पेराएवढा फळाचा तुकडा, आणि एक ताजी फांदी.

कोरड्या खाऊत ज्वारी किंवा बाजरी, कोहळ्याच्या म्हणजे लाल भोपळ्याच्या वाळवलेल्या बिया, बिनमिठाचे फुटाणे, जवस. दाणे मोकळे देण्यापेक्षा ज्वारीच्या कणसाचा तुकडा टांगणं केव्हाही चांगलं, खार त्यावर अर्धा तास गुंतते. भुईमुगाच्या शेंगा दोन, त्याही टरफलासकट. सूर्यफुलाच्या बिया चार-पाच. यापेक्षा जास्त नको, कारण खार आधी तेवढंच वेचून खाते आणि बाकी टाकते. भाजीत शेवग्याचा पाला सगळ्यात मोलाचा, कॅल्शियम भरपूर आणि विदर्भात प्रत्येक सांदवाडीत झाड. शेवग्याची फुलं, काकडी, गाजर, कोवळ्या शेंगाही द्या. फळात पेरू, बोर, डाळिंब, सीताफळाचा थोडा गर.

फांदी विसरू नका. उंबराची फळासकट डहाळी, बाभळीची शेंगांची फांदी, पळसाच्या फुलांचा घोस, चिचबिलाईच्या म्हणजे विलायती चिंचेच्या शेंगा, जे मोसमात असेल ते. सोडल्यावर जे खायचं आहे त्याची ओळख पिंजऱ्यातच व्हावी लागते. शेवटच्या आठवड्यात निम्मं पोट झाडाच्या वस्तूंवर भरायला हवं. सालीखालचे किडे आणि अळ्याही खारी खातात, म्हणून जुन्या लाकडाचा सालीसकट तुकडा आत ठेवा. कडुनिंबाखालचं, फवारा न लागलेलं लाकूड बरं.

कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा, म्हणजे माकूळ या समुद्री जीवाच्या पांढऱ्या हाडाचा तुकडा तारेने जाळीला बांधा. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात तो मिळतो. नसेल तर अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळून, वाळवून, मैद्यासारखी बारीक करा आणि चिमूटभर पूड पेरूच्या फोडीवर भुरभुरा. जाडसर पूड खार झटकून टाकते. सोडल्यानंतरही समुद्रफेस झाडावर तसाच राहू द्या.

आता काय देऊ नये ते. गाईचं दूध नको, हगवण लागते. बिस्किट, पाव, शेव-चिवडा, मीठ लावलेले दाणे, गोड पदार्थ, चॉकलेट, भात, पोळी काहीच नको. कच्चं सोयाबीन नको, ते पचनात अडथळा आणतं. ओलसर शेंगा, काळपट पडलेले दाणे, वास मारणारं जुनं खोबरं नको. बुरशीतलं विष यकृतावर जातं आणि ते भाजून किंवा धुऊन जात नाही.

विदर्भात यापेक्षा मोठा धोका बियाण्याचा. पेरणीच्या दिवसांत घरात सरकी आणि सोयाबीनचं उरलेलं बियाणं पडलेलं असतं. गुलाबी, निळं, हिरवं, लाल असं रंगवलेलं बी म्हणजे त्याला कीटकनाशक किंवा बुरशीनाशक चोळलेलं आहे. त्यातलं मूठभर ताटलीत टाकलं तर खार मरू शकते. कोठीतलं धान्य घेतानाही विचारून घ्या. गोळ्या टाकून साठवलेलं नको, राख किंवा कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेलं चालतं. घरात उंदरासाठी औषध ठेवलेलं असेल तर ते आधी उचला.

दिवसांचं वेळापत्रक

*सोडायचा दिवस.* पुढचे तीन दिवस आकाश मोकळं असेल असा दिवस निवडा. सकाळी साडेसात-आठला अर्धाच खाऊ द्या. पोट गच्च असलेली खार खोक्यात झोपून राहते, थोडी भुकेली बाहेर डोकावते. नऊच्या सुमारास भोकावरचा पत्रा काढा आणि निघून जा. बाहेर काढायला हात घालू नका, पिंजरा हलवू नका. काही पिल्लं पाच मिनिटांत शेंड्यावर जातात, काही दोन दिवस आतच बसतात. दोन्ही ठीक आहे. चारच्या सुमारास उरलेला अर्धा खाऊ पिंजऱ्यात ठेवा.

*पहिला आठवडा.* पूर्ण माप, दोन वेळा, पिंजऱ्यातच. सकाळी सात ते आठ आणि दुपारी चार. दोन खारी असतील तर दोन ताटल्या, निदान दोन हात अंतराने, नाहीतर दांडगी खार दुसरीला खाऊ देत नाही. सूर्य मावळायच्या आत उरलेलं सगळं उचला, अगदी टरफलंसुद्धा. खार रात्री खात नाही, उंदीर खातात. उंदरामागे धामण येते, नाग आणि घोणसही येतात, आणि मग गावातले लोक तुमच्या खारीला साप आणल्याचा दोष देतात.

*दुसरा आठवडा.* एकच वेळ, सकाळी, मापाच्या पाऊण. ताटली आता पिंजऱ्याबाहेर, शेजारच्या फांदीवर. वानरांचा उपद्रव असेल, आणि विदर्भातल्या गावात तो असतोच, तर उघडी ताटली एका दिवसात गायब होते. दोन इंची भोकाचा लाकडी डबा जाड तारेने फांदीला घट्ट बांधा. वानराचा हात खाऊपर्यंत पोहोचू नये म्हणून डबा भोकापासून निदान एक फूट खोल ठेवा. मुंगळे येत असतील तर डबा तारेवर टांगा आणि तारेच्या मध्ये पाण्याची नारळाची कवटी बसवा, म्हणजे मुंगळे पाण्यापाशी अडतात. तारेला ग्रीस लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ते खारीच्या अंगाला लागतं आणि ती ते चाटते.

*तिसरा आणि चौथा आठवडा.* निम्मं माप. आता खाऊ एका जागी ठेवायचा नाही. तीन-चार झाडांवर विखरून ठेवा: सालीच्या खाचेत दोन फुटाणे, फांद्यांच्या बेचक्यात ज्वारीचं कणीस, कुठे बोर खोचलेलं. जागा रोज बदला. खाऊ शोधावा लागला की खार फिरते, आणि फिरता फिरता तिला उंबर सापडतो. खार पाहत असताना खाऊ ठेवू नका. माणूस आणि खाऊ यांची जोडी तिच्या डोक्यातून निघून जावी हाच या आठवड्यांचा उद्देश आहे. खाऊ ठेवणारा एकच माणूस असावा, तोही गप्प.

*पाचवा आणि सहावा आठवडा.* एक दिवसाआड, अर्धा चमचा. शेंगा पूर्ण बंद.

*सातवा आणि आठवा.* आठवड्यातून दोनदा, मग बंद. पिंजरा आणखी महिनाभर झाडावर राहू द्या, खोकं कायमचं राहिलं तरी हरकत नाही.

हे वेळापत्रक कॅलेंडर पाहून पाळायचं नाही. ताटलीत उरतं का ते पाहा. लागोपाठ तीन दिवस अर्ध्याहून जास्त उरलं तर पुढच्या पायरीवर जा. सगळं संपतं आणि खार ताटलीभोवतीच बसून राहते, तर त्याच पायरीवर आठवडाभर थांबा. मध्येच अवकाळी पाऊस, गारपीट किंवा थंडीची लाट आली तर तीन-चार दिवस एक पायरी मागे या.

पाणी

मातीचं पसरट परळ, एक इंच खोल, मध्ये एक दगड, म्हणजे पिल्लू पडलं तरी चढून येतं. रोज पाणी बदला, दोन-तीन दिवसांनी चुलीच्या राखेने घासा. साबण नको. मार्चपासून मृगापर्यंत दिवसातून दोनदा भरा. खाऊ बंद झाला तरी उन्हाळ्यात पाणी बंद करायचं नाही. परळ झुडपाला चिकटून ठेवू नका, मांजर तिथेच दबा धरतं. उघड्या फांदीच्या बेचक्यात, सहा-सात फूट उंच असलेलं बरं.

बिघडलं तर

खार पहिल्याच दिवशी गेली आणि परत दिसली नाही. ही सगळ्यात जास्त होणारी गोष्ट आहे आणि बहुतेक वेळा त्यात घाबरण्यासारखं नसतं. आठवडाभर पूर्ण माप ठेवत राहा. खातं कोण ते कळण्यासाठी ताटलीखालच्या फळीवर चाळलेली राख पसरा, पावलांचे ठसे उमटतात. टरफलं तिथेच कुरतडून पडली असतील तर खार, शेंगा अख्ख्याच नाहीशा होत असतील तर बहुधा उंदीर किंवा वानर.

जुन्या खारी हाकलत आहेत. ताटल्या तीन करा, दूर दूर. भांडण पाठलागापुरतं असेल तर मध्ये पडू नका. नवख्याच्या अंगावर जखमा दिसल्या तर डबा पन्नास-साठ फूट लांबच्या झाडावर हलवा.

खार घरात येते, ओट्यावर चढते. ताटली घराच्या जवळ आहे म्हणून. ती निदान शंभर फूट दूर न्या आणि घरातल्या सगळ्यांनी खाऊ देणं बंद करा, आजीने सुद्धा. खार अंगावर चढली तर हात न हलवता उभे राहा, ती उतरते. चावली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

अंगावरचे केस जाऊन खपल्या दिसतात. त्वचेचा रोग एकाच ताटलीवर गर्दी झाली की पसरतो. ताटली आणि डबा लगेच काढा, गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने धुऊन कडक उन्हात वाळवा आणि दोन आठवडे तिथे काही ठेवू नका. घरच्या मनाने औषध फवारू नका.

खार दिवसा जमिनीवर फुगून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, जवळ गेलं तरी पळत नाही. ही आजारी किंवा विषबाधा झालेली आहे. जाड कापडाने धरा, हवेशीर अंधाऱ्या खोक्यात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका आणि १९२६ला फोन करा. आसपास कुणी फवारणी केली का, कोणतं औषध होतं, ते विचारून ठेवा, डॉक्टरला त्याचा उपयोग होतो.

आणखी एक. सोडलेली मादी पुढच्या मोसमात त्याच खोक्यात पिल्लं घालू शकते. खोक्यात हालचाल दिसली की आत डोकावू नका आणि पिल्लांसाठी म्हणून ताटली पुन्हा सुरू करू नका. झाडाखाली अंबाडीचे दोन इंची तुकडे टाकून ठेवले तर ती ते घरट्यासाठी उचलून नेईल.